मावशींकडची किल्ली

आईचं डोंबिवलीतलं घर विकलं गेलं आणि चांगलं विकलं गेलं, याचं श्रेय ओळखीचे लोक एजंटला देतात. एजंटने त्याचं काम केलं, दलाली घेतली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण घर विकलं ते मावशींनी. मावशी मुरबाडकडच्या. आईकडे धुणंभांडी आणि केरलादी करायला यायच्या, बाबा गेल्यानंतर तिच्या सोबतीला दुपारी तासभर बसायच्याही. आईला त्या ‘वहिनी’ म्हणत, मला ‘दादा’. त्यांचं देणं माझ्या डोक्यावर आहे, आणि ते पैशाने फिटण्यातलं नाही.

घर डोंबिवली पूर्वेला, फडके रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. 1986 साली बांधलेली इमारत, लिफ्ट नाही, आमचा वन बीएचके तिसऱ्या मजल्यावर. बाबांनी ते घेतलं तेव्हा स्टेशन जवळ असणं हीच चैन होती. आता गिऱ्हाईक पलावासारख्या नव्या वसाहतींमध्ये लिफ्ट, बाग आणि गेटवरचा वॉचमन बघून मग आमच्याकडे यायचं. तीन मजले चढून आलेला माणूस धापा टाकत दारातून आत नजर फिरवायचा, ओल आलेल्या भिंतीशी जरा थांबायचा, ‘कळवतो’ म्हणून उतरायचा. पावसाळा गेला, पितृपक्षात कुणी आलंच नाही, दसराही कोरडा गेला. एजंटचा एकच उपाय होता: पाच लाख कमी करा. मी पुण्यात, बहीण नाशकात. आम्ही जवळजवळ तयार झालो होतो.

मावशींकडे घराची एक किल्ली होती. आई असताना दिलेली, ती परत घ्यायचं आम्हाला सुचलं नाही. आई गेल्यावर त्यांचा पगार थांबला, पण त्या दर तीन-चार दिवसांनी घर उघडत होत्या, हे मला बरंच उशिरा, समोरच्या काकूंकडून कळलं. बंद घर का कुबटतं हे मला मावशींनी सांगितलं. न्हाणीच्या आणि मोरीच्या जाळीखाली ट्रॅपमध्ये पाणी साचून असतं, त्या पाण्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. घर बंद राहिलं की ते पाणी आटतं. मग वास येतो, झुरळं येतात आणि दार उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं की हे घरच सडलेलं आहे. मावशी येऊन प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायच्या, खिडक्या उघडायच्या, देवाच्या कोनाड्यापाशी उदबत्ती लावायच्या. ‘वहिनींचं घर हाय, वास मारून कसं चालंल,’ एवढंच त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीची भिंत ही खरी अडचण होती. रंगाचे पोपडे सुटलेले, त्याखाली पांढरा खार, आणि खाली जमिनीपासून कमरेपर्यंत काळपट पट्टा. सगळ्यांचं मत एकच, की पावसाचं पाणी बाहेरून झिरपतंय, सोसायटीने बाहेरचं प्लास्टर करून घ्यायला हवं. एका कंत्राटदाराने तर वॉटरप्रूफ पुट्टी मारून, वर रंग देऊन आठवड्यात घर चकाचक करून देतो असं कबूल केलं होतं. त्याला मी होकार देणार, इतक्यात मावशी म्हणाल्या, ‘दादा, थांबा. ही पावसाची ओल नव्हं.’

त्यांचा तर्क मी इथे जसाच्या तसा लिहितो, कारण तो एखाद्या इंजिनिअरला शोभावा असा होता. पावसाची ओल असती तर उन्हाळ्यात सुकली असती. पण वहिनी होत्या तेव्हा मे महिन्यातही लादी पुसताना त्या भिंतीचा गारवा हाताला लागायचा. आणि वहिनी गेल्यावर, भर श्रावणात, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, ती भिंत सुकत चालली होती. कारण पलीकडच्या न्हाणीत आता कुणी आंघोळ करत नव्हतं. मावशींनी माझा हात धरून भिंतीला लावला. वरच्या बाजूला कोरडी, खाली किंचित गार. मग त्यांनी दोन दिवस न्हाणीत बादल्या ओतल्या, आणि तिसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा गडद झाला.

प्लंबरने न्हाणी फोडली. ट्रॅप आणि पाइप यांचा सांधा सुटलेला, आजूबाजूचा कोबा भुसभुशीत. इतकी वर्षं आंघोळीचं थोडं थोडं पाणी भिंतीत मुरत होतं. खालच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीच्या छतालाही डाग पडले होते, ते बिचारे संकोचाने बोलले नव्हते. सांधा बदलला, कोबा नवा केला, न्हाणीच्या चारी भिंतींना खालून हातभर उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंग केलं. आतल्या खोलीत विटा दिसेपर्यंत जुनं प्लास्टर काढलं. सुकलेल्या विटांवर नवं प्लास्टर चढलं, आणि त्यानंतर रंगाऱ्याला घाई. मावशी मात्र येता-जाता प्लास्टरला तळहात लावायच्या आणि म्हणायच्या, ‘अजून गार हाय.’ रंगारी भला माणूस होता. त्याने प्लास्टिकचा एक तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतून बाष्प धरलेलं होतं. मार्गशीर्ष संपत आला तेव्हा कुठे तो तुकडा आतून कोरडा राहिला. मग प्रायमर, मग पुट्टी, मग फिका पिवळसर रंग. ओली भिंत रंगवून विकणारे पुष्कळ आहेत. पहिल्याच पावसात तो रंग नव्या मालकाच्या अंगावर पडतो. मावशींनी मला त्या रांगेत बसू दिलं नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. आमचं घर पूर्वेचं, पण एजंट माणसं आणायचा संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, आणि घरात होती ती एक मिणमिणती ट्यूबलाइट. मावशी कामाला सकाळी यायच्या, म्हणून त्यांना माहीत होतं की आठ ते दहा या वेळात बाहेरच्या खोलीत ऊन कुठवर येतं. म्हणजे यायला हवं ते कुठवर. कारण खिडकीचा अर्धा भाग लोखंडी कपाटाने झाकलेला होता. बाल्कनी तर आम्ही फार पूर्वी ग्रिल आणि सरकत्या काचा लावून बंद केली होती आणि तिथे आईचं शिलाई मशीन, मोडक्या खुर्च्या, रद्दी, गॅलरीभर डबे. ‘कपाट काढा’ असं त्या आईलाही सांगत असत म्हणे.

कपाट हललं तेव्हा मी तिथे होतो. चौघांनी ते तिरकं करून दाराबाहेर काढलं आणि भिंतीवर जुन्या रंगाचा एक गडद चौकोन उघडा पडला. खाली मोझेकची लादी, बाकीच्या घरात पांढुरकी झालेली, इथे मात्र मूळची: करड्या सिमेंटमध्ये हिरवे, तांबडे, काळे खडे, ओलसर असल्यासारखे चमकणारे. कपाटाखालच्या लादीवर उन्हाचा पट्टा आला. मी याच घरात वाढलो, पण ती लादी अशी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

त्यामुळे जमिनीचा निर्णय सोपा झाला. एजंट म्हणत होता, जुन्या लादीवरच व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा. तसं केलं असतं तर जमीन वर आली असती, सगळी दारं खालून तासावी लागली असती, न्हाणीचा उंबरा बुटका झाला असता. आम्ही मशीन आणून मोझेकला पॉलिश करून घेतलं, टाइल्सच्या मानाने किरकोळ खर्चात. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्याला मी हात लावला नाही, आणि विकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. नवा मालक ओटा आपल्या मनासारखाच करून घेतो, तिथे घातलेले पैसे भिंतीत मुरलेल्या पाण्यासारखे जातात. गळके नळ, पिवळी पडलेली बटणं, दाराची बेल आणि दिवे, एवढंच बदललं.

कागदपत्रांतही मावशींचा हात लागला. बाबांच्या नावाचा मूळ करारनामा आम्हाला मिळत नव्हता, आणि मूळ करारनाम्यावाचून गिऱ्हाइकाची बँक कर्ज देत नाही. मावशी म्हणाल्या, शिलाई मशीनच्या खणात बघा. तिथे करारनामा होता आणि शेअर सर्टिफिकेटही. पुढचं वकिलाने केलं. सोसायटीच्या दप्तरी आईने माझं नाव नॉमिनी म्हणून लावलं होतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून वारस या नात्याने बहिणीची आणि माझी अशा दोघांच्या सह्या झाल्या. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. सोसायटीने ते केलेलं होतं, त्याची प्रत फाइलला लावली. हस्तांतराच्या प्रीमियमला 25,000 रुपयांची मर्यादा आहे, सोसायटीने जास्त मागितलंही नाही.

माघात, एका रविवारी सकाळी, एक जोडपं आलं. दोघंही नोकरीला, ती मुंबईला जाणारी, तो ठाण्याला. सोबत मुलीचे वडील. घर दाखवायला मी होतो, एजंट होता, आणि मावशी खिडक्या उघडायला आल्या होत्या. त्या मुलीने पाच मिनिटांत ओळखलं की विचारायचं कुणाला. पाणी किती वेळ येतं, वरच्यांचा त्रास आहे का, उन्हाळ्यात खोली किती तापते, कामाला बाई मिळते का. मावशी आधी दोष सांगत गेल्या. ‘जिना हाय. गुडघे दुखत असतील तर घेऊ नका. दुपारी तीननंतर पाणी जपून वापरावं लागतं. ही भिंत वली होती, न्हाणी फोडून केलीय, हात लावून बघा.’ मुलीने खरोखर हात लावला. वडिलांनी विचारलं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार का. एजंटच्या तोंडून ‘लवकरच’ निघालं. असं आमिष दाखवून पुष्कळ जुनी घरं विकली जातात, मला ते आवडत नाही. मी काही म्हणण्याआधीच मावशी म्हणाल्या, ‘बोलतात. पर अजून काय ठरलं नाय.’

ते लोक पुढच्या रविवारी पुन्हा आले, त्याच वेळी, आणि टोकन देऊन गेले. मागितलेल्या किमतीपेक्षा लाखभर कमी, पाच लाख नव्हे. घर मुलीच्या एकटीच्या नावावर घेतलं, कारण बायकांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. गुढीपाडव्याआधी नोंदणी झाली.

बहिणीने आणि मी ठरवलं की एजंटला जितकी दलाली दिली तितकीच रक्कम मावशींना द्यायची. पाकीट हातात दिलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘हे कशाचे?’ मी सांगितलं. त्यांनी नोटा मोजल्या, नीट, दोनदा, आणि म्हणाल्या, ‘बराबर हाय.’ मला ते फार आवडलं. नको नको म्हणून त्यांनी परत केले असते तर माझ्या मनावरचा भार वाढला असता. त्यांनी ते कामाचे पैसे म्हणून घेतले, आणि ते होतेच कामाचे.

पण त्या पैशांत भिंतीचं निदान आलं, कपाट आलं, खरं बोलणं आलं. आईच्या माघारी त्या महिन्यांमध्ये ज्या तांब्याभर पाण्यासाठी त्या जिना चढत होत्या, ते आलं नाही. तेव्हा घर विकायचं आहे हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आई आजारपणात त्यांना म्हणाली होती की मुलं लांब आहेत, घर बंद ठेवू नका. हे मला त्यांनी नोंदणीनंतर, कल्याणच्या रिक्षात, सहज सांगितलं.

मावशींचा नातू आता अंबरनाथच्या आयटीआयमध्ये जायचं म्हणतोय. फॉर्म भरायला कागद कुठले लागतात, हे विचारायला त्यांनी परवा मला फोन केला होता. मी शनिवारी जाणार आहे. दाखल्यांची यादी करून ठेवली आहे, त्यातला रहिवासाचा दाखला मुरबाडहून आणावा लागेल, तिथेही त्यांच्याबरोबर जाईन.