माहीम, पण हलव्याचं नाही!

शुक्रवारी ऑफिसमध्ये ‘वीकेण्डला माहीमला चाललोय’ म्हटलं की पुढचा डायलॉग ठरलेला. ‘येताना हलवा आण!’ मग मी शांतपणे सांगतो, बाबांनो, ते माहीम वेगळं. माझं माहीम पालघरच्या पश्चिमेला, केळव्याला खेटून असलेलं. पानवेलींचं आणि नारळाच्या वाड्यांचं. तिथे हलवा नाही, सिग्नल नाही आणि मोबाइलची रेंजही मूड असेल तेव्हाच.

यावेळी मात्र मी वाडीत लोळायला गेलो नव्हतो. माझी आतेबहीण तिथल्याच पंचक्रोशीतल्या एका शाळेत इतिहास शिकवते. तिचा फोन आला, ‘शनिवारी नववी-दहावीची चाळीस पोरं घेऊन केळव्याच्या किल्ल्यावर जायचंय. एक मोठं माणूस कमी पडतंय. येतोस?’ आता इतिहास आणि मी? दहावीला या विषयात मी कसाबसा काठावर पास. पण ताईला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

केळव्याचा किल्ला म्हणजे राजगड-रायगडाची कल्पना डोक्यात घेऊन जाऊ नका. बीचवर, सुरूच्या बनात उभा असलेला हा पोर्तुगिजांचा छोटासा कोट. अनेक वर्षं वाळूत गाडलेला होता, दुर्गप्रेमींनी श्रमदानानं मोकळा केला. लहानपणी आमच्यासाठी तो लपाछपीचा अड्डा होता, बस्स. ताईनं पोरांना मेजरिंग टेप दिल्या आणि सांगितलं, भिंत किती जाड आहे ते मोजा, कुठला दगड कसा बसवलाय ते काढा आणि तोफेचं तोंड कुठल्या दिशेला असेल ते ठरवा. तासभर नुसता कल्ला! पण शेवटी एक किडकिडीत पोरगा म्हणाला, ‘मॅडम, ही जागा समुद्रावरून येणाऱ्यावर नजर ठेवायला आहे. जमिनीवरून कुणी आलं तर?’

मग सुरूच्या सावलीत वसईची मोहीम झाली. जानेवारी १७३९. चिमाजी आप्पांच्या फौजांनी माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकाच महिन्यात घेतली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसई मे महिन्यात आली. हे सगळं मीही शाळेत कधीतरी वाचलं असणार, पण ‘वसईची लढाई’ या एका ओळीत. त्या ओळीतली निम्मी गावं माझ्या एसटीच्या रूटवरची होती, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. शाळेत तेवढं तरी कुणी सांगायला हवं होतं.

खरी मजा पुढे होती. डबे खाऊन झाल्यावर ताईनं पिशवीतून पुठ्ठ्याचे तीन पत्रे काढले. तांब्याच्या रंगात रंगवलेले, एका कडीत ओवलेले. ‘तारापूर म्हटलं की काय आठवतं?’ सगळे एका सुरात, ‘अणुवीज केंद्र!’ (१९६९ हे सालही पाठ होतं.) ‘आणि त्याच्या शेजारचं चिंचणी?’ सगळे गप्प.

तर गोष्ट अशी. १९५५ साली चिंचणीत ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा. संजाणच्या मुलखावर राजानं एक अधिकारी नेमला होता. त्यानं आसपासच्या बंदरांचे सरदार ताब्यात आणले. दोन नद्यांवर फुकट होडी ठेवली. संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवणं आणि तूप मोफत मिळे. एका मठाला आणि तिथल्या भगवती देवीला जमीन मिळाली, तीही त्याच्याच पुढाकारानं. त्याचं नाव मधुमती.

‘मधुमती तर बाईचं नाव!’ मागून एक मुलगी. ताई याचीच वाट बघत होती. संस्कृत लिहिणाऱ्यानं कानावर पडलेलं नाव आपल्या भाषेत बसवलं, मूळ नाव मुहम्मद. ताम्रपट त्याला ताजिक म्हणतो, म्हणजे अरब.

काही क्षण कुणीच बोललं नाही. मला वाटलं, आता काहीतरी भलतंच निघणार. हल्ली अशा विषयावर आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय निघतं ते मला ठाऊक आहे. पण हात वर केला तो सातपाटीच्या एका पोरानं. घरी बोट आहे त्याच्या. ‘मॅडम, होडी फुकट, तर मग नावाड्याला पगार कोण द्यायचं?’

ताई म्हणाली, ‘वहीत लिही. हा प्रश्न सरकारांच्या लेखाला विचारू.’ आणि मी मनात म्हटलं, हा प्रश्न मला शाळेत कधी का सुचला नाही?

परतताना माहीमच्या बाजारात चहा घेताना मी विचारलं, ‘यांना खरे ताम्रपट, खऱ्या वस्तू दाखवायला म्युझियममध्ये का नेत नाहीस?’ ताई हसली. आपल्या जिल्ह्यातल्या सोपाऱ्याचंच घे, म्हणाली. भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप १८८२ साली खणला. एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, बुद्धाच्या छोट्या मूर्ती, सगळं निघालं. ते मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे गेलं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पालघरहून चर्चगेट नव्वदेक किलोमीटर. चाळीस पोरं, लोकलची गर्दी, परवानग्या, प्रत्येक घरातून काढायची वर्गणी. वर्षातून एकदा जमलं तर जमलं. त्याच संग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून शाळाशाळांतून फिरते. ताईचं पुढचं टार्गेट ती.

पण तिला मनापासून हवी आहे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात ताम्रपटाची नीट प्रतिकृती, सोपाऱ्याच्या लेखाचा साचा, दोन-चार नाण्यांच्या नकला, जुने नकाशे आणि ‘महिकावतीच्या बखरी’ची मोठ्या टायपातली पानं. ट्रंक एसटीच्या टपावर टाकायची आणि या शाळेतून त्या शाळेत न्यायची. इमारत नको, उद्घाटन नको.

ही बखर म्हणजे या पट्ट्याचा सगळ्यात मोठा ऐवज. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. त्यातला काही भाग केशवाचार्यांनी शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली लिहिला. गावांची, कुळांची नावं त्यात खच्चून भरलीत. मात्र त्यातला बिंब राजा नेमका कोण, कुठून आला, यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही, आणि बखरीतले शकही एकमेकांशी भांडतात. ताईला नेमकं तेच आवडतं. पोरांना दोन पानं द्यायची आणि विचारायचं, यातलं काय खरं मानाल आणि का?

गंमत म्हणजे २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात बखरींवर मजकूर आहे, ‘उपयोजित इतिहास’ आहे, ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ नावाचा अख्खा धडा आहे. तो पाठ करून मार्क मिळवता येतात, किल्ल्याचं तोंड न बघता. एका पालकानं ताईला सरळ विचारलं होतं, ‘या भटकंतीला मार्क किती?’ मला त्या पालकाचा राग नाही आला. मार्चमध्ये पेपर त्यांच्या पोराला द्यायचाय.

आणखी एक सांगायचं राहिलं. किल्ल्याजवळ एका मुलीला खापराचा तुकडा सापडला. मी म्हटलं, घे की आठवण म्हणून! ताईनं असा काही लूक दिला की बस. तुकड्याशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढला, जागा वहीत नोंदवली आणि तुकडा तिथेच ठेवला. वर मलाच सुनावलं, १८७८ चा निखात निधी कायदा माहितेय का? जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. खापराला कोण दहा रुपये देणार, असं मी पुटपुटलो. पोरांना ऐकू गेलं. दिवसभर तोच जोक.

कसं जाल? चर्चगेट किंवा विरारहून डहाणू लोकल पकडा. केळवे रोडला उतरलात तर बीच जवळ, पालघरला उतरलात तर माहीमसाठी एसटी आणि शेअर रिक्षा. (१८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तालुक्याचं नाव माहीमच आहे. पालघर नंतर मोठं झालं. रिक्षावाल्याला सांगून बघा!) थंडीत गेलात तर कुणाच्या तरी वाडीत उकडहंडी मिळवाच. खाडीतला पाणकोट बघायचा असेल तर भरती-ओहोटीचं टायमिंग आधी कोळ्यांना विचारून घ्या. आणि सोबत मेजरिंग टेप ठेवा.