मराठीच्या तासाला वाचायला काय द्यायचं?

आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत मुलं मराठी बोलतात, पण वाचायची वेळ आली की अडखळतात. निवृत्तीनंतर आबिड्सच्या आमच्या घरी मराठी शिकवणाऱ्या काही बायका येऊ लागल्या. सगळ्यांचं एकच, "काकू, पाठ्यपुस्तक सोडून मुलांना वाचायला काय द्यायचं? रविवारी तुमच्या इथल्या फुटपाथवर एवढी पुस्तकं असतात, पण मराठी सापडेल तर शपथ!"

माझा जन्म ग्रंथालयात गेलेला. म्हटलं, बसा, शोधूया.

'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवलेत. 'स्टोरीवीव्हर'वर आधी भाषा निवडायची, मग वाचनाची पातळी. अशा चार पातळ्या आहेत. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातही भाषेची चाळणी लावता येते. पण खरी गोम आपल्या व्याकरणात आहे. नुसतं 'पाऊस' टाकलं तर 'पावसाची गोष्ट' बरेचदा निसटते. म्हणून 'पावसा' टाकूनही बघायचं.

एका बाईंच्या वर्गात एक मुलगा होता. वय सहावीचं, वाचन दुसरीचं. त्याला चिऊ-काऊची गोष्ट दिली तर बाकीची मुलं हसणार. मग क्रिकेट, रेल्वे, अंतराळ असे शब्द टाकत आम्ही तासभर शोधलं. सोप्या वाक्यांची, पण त्याच्या वयाला शोभेल अशी एक गोष्ट मिळाली. बाई ती छापून घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात सांगत होत्या, "काकू, त्यानं ती आजीला वाचून दाखवली. आता दुसरी मागतोय."

तुमच्या ओळखीत कुणी मराठी शिकवत असेल तर जरूर पाठवा. चहा आमच्याकडे.