चार बोटी, एक सायकल

अहो, हे मला आधी कुणी सांगितलं का नाही? सायकलवरून कोकण! मुरूडहून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट जयगड गाठायचं!

खरं सांगतो, पहिल्या सकाळी मी रडकुंडीला आलो होतो. दर पाच मिनिटांनी मोबाइल काढून उरलेले किलोमीटर बघायचे, आणि मेला आकडा हलायचाच नाही! दिघीच्या पुढच्या चढावर तर मांड्यांनी संपच पुकारला. सायकल टेम्पोत टाकून परत जावं, असं अगदी पक्कं ठरवलं होतं.

तेवढ्यात बागमांडल्याचा धक्का आला. सायकल बोटीत ढकलली, कठड्याला टेकवली आणि पलीकडे वेसवीला पोचेपर्यंत नुसता वारा खाल्ला. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘कुठनं आलास रे? गाडी नाय गावली?’’ मी इतका हसलो की परत जाण्याचं साफ विसरलो.

आणि मग ते ध्यानात आलं! हा रस्ता किलोमीटरांचा नाहीच, खाड्यांचा आहे! राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. चार खाड्या, चार फेरीबोटी. उतार, धक्का, बोट, चढ, सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार, की पुन्हा उतार! मोबाइल बॅगेत गेला. ‘पुढची बोट’ एवढंच डोक्यात. चढ आला की सगळ्यात हलका गिअर, तोही जड झाला की खाली उतरून चालायचं. लाज कसली? बघायला असतात फक्त म्हशी.

पण सडा! त्या सड्यावर सायकल चालवल्याशिवाय मरू नका. दाभोळहून बोटीनं धोपाव्याला उतरलो, धापा टाकत वर आलो, तर काळा कातळ, वाळलेलं सोनेरी गवत, मध्येच चिऱ्याची लालभडक खाण, आणि कुठूनसा मोहोराचा वास. गाडीनं या रस्त्यानं मी तीनदा गेलो असेन. काचा बंद, एसी चालू. हा वास एकदाही आला नव्हता!

जा तुम्हीही. डिसेंबर-जानेवारीत जा, उजाडताना निघा, पंक्चरचं सामान ठेवा. आणि शेवटची बोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. तवसाळला माझी दोन मिनिटांनी चुकली.