चाखणे आणि पिणे

मराठी भाषेत दारूसाठी क्रियापदांचा तुटवडा नाही. माणूस दारू पितो, घेतो, ढोसतो, रिचवतो, झोकतो. आमटी मात्र चाखतात, लोणचे चाखतात, पाकाचा थेंब तळहातावर घेऊन चाखतात. दारू चाखली, असे सहज बोलण्यात क्वचितच ऐकू येते. भाषेने केलेला हा भेद अर्थशून्य नाही. ज्या वस्तूशी आपला संबंध चवीचा असतो ती आपण चाखतो. जिच्याशी संबंध केवळ परिणामाचा असतो ती ढोसतो.

आपल्या समाजात मद्य परके नाही. लग्नाच्या मांडवात, बाप्तिस्म्याच्या जेवणात, नाताळच्या रात्री पेला पुढे होतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. त्याच पेल्याने मोडलेली दोन-चार घरेही प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांच्याविषयी मिस्सा सुटल्यावर दबक्या आवाजात बोलले जाते. वसईतील आमचे घर त्यांपैकी एक. आमचे थोरले बंधू यकृताच्या विकाराने गेले. कारण सर्वांना ठाऊक होते आणि कोणी ते उच्चारीत नव्हते. म्हणूनच बिअर चाखायला शिकल्याची ही हकीकत लिहिताना लेखणी थोडी जड होते.

बंधूंचा मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि पुण्यात एका लहानशा बिअर-कारखान्यात नोकरीला लागला. अशा छोट्या कारखान्यांना ‘मायक्रोब्रुअरी’ म्हणतात. महाराष्ट्रात त्यांची सुरुवात २००९ साली पुण्याच्याच ‘डुलाली’ने केली. हे नाव आले आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक तेथील छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत. त्यांतल्या काहींची डोकी फिरत, आणि त्यावरून इंग्रजीत भ्रमिष्टासाठी तो शब्द रूढ झाला. आमच्या पुतण्याचा कारखाना दुसरा. परंतु घरात त्या बातमीचे स्वागत तसेच झाले, मुलाचे डोके फिरले असे! वहिनींनी विरोध केला नाही, संमतीही दिली नाही. त्यांनी फक्त त्या नोकरीविषयी विचारणे बंद केले.

आम्ही पत्नीसह दिघोरीला राहतो. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातले हे गाव. भाताचा आणि तलावांचा मुलूख. तालुक्याची हद्द वैनगंगेला भिडते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, इकडे नाही. पुनरुत्थानाचा सण आटोपल्यावर पुतण्या आईला घेऊन आमच्याकडे आठवडाभर राहायला आला. सोबत सहा बाटल्या आणि एक जाड वही. आल्याआल्या त्याने विचारले, “काका, परवाना आहे ना?” महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये महाराष्ट्रात मद्यसेवनाला परवाना लागतो, हे कित्येकांच्या गावीही नसते. आमच्या दोघांच्या परवान्यांची खात्री झाल्यावरच पुढची बोलणी झाली.

पहिल्या दिवशी एकही बाटली उघडली गेली नाही. त्याने स्वयंपाकघरातून आठ वाट्या मागवल्या. लवंग, पिकलेले केळे, नागपुरी संत्र्याची साल, भाजलेली कॉफी, पावाचा करपलेला पापुद्रा, गूळ, लोणी आणि भिजवलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा. डोळे मिटून हुंगायचे आणि नाव सांगायचे. वास आम्हांला सगळे ओळखीचे वाटले. नावे निम्म्यांचीही सुचली नाहीत. मग नाक चिमटीत धरून गुळाचा खडा जिभेवर ठेवायला लावला. नुसता गोडवा! चिमूट सोडताच तो गूळ झाला. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचाच असतो आणि तो घशामागून नाकात चढतो. जिभेच्या टोकाला गोड आणि मुळाशी कडू, असा जो नकाशा शाळेच्या पुस्तकांत असे, तोही खरा नव्हे. सर्व चवी जिभेवर सर्वत्र कळतात.

दुसऱ्या दिवशी पेले आले. ते साबणाचा लवलेशही न उरेल असे धुतलेले, कारण साबणाने फेस मरतो. बाटली शीतकपाटातून काढून पाव तास तशीच ठेवली. अतिगार पेय जीभ बधिर करते. पेल्यात ओतली ती जेमतेम चार चमचे. आधी रंग आणि फेस पाहायचा, मग हुंगायचे, मग एक घोट तोंडभर फिरवायचा, आणि गिळल्यावर मागे काय उरते तिकडे लक्ष द्यायचे. द्राक्षमद्याचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचे परीक्षक सहसा तो गिळतात, कारण हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा मागाहून येतो. सातूला मोड आणून तो भाजला की त्याला माल्ट म्हणतात. तो किती भाजला यावर बिअरचा रंग गवती पिवळ्यापासून काळ्यापर्यंत ठरतो.

गव्हाच्या बिअरच्या पेल्यातून केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. केळे वा लवंग त्यात घातलेली नव्हती. आंबवणारे यीस्टच ते गंध निर्माण करते. दोषांचीही ओळख झाली. लोण्याचा वास म्हणजे आंबवण अपुरे राहिले असण्याचा संभव. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली. एक हिरवी बाटली त्याने मुद्दाम अंगणात उन्हात ठेवली होती. तिच्यातून जळक्या रबराची आठवण देणारा उग्र दर्प आला. हॉप्समधील द्रव्ये उजेडाने बिघडतात. बिअरच्या पुष्कळशा बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी.

परीक्षणाचीही शिस्त असते. मायकेल जॅक्सन (गायक नव्हे, याच नावाचे इंग्रज पत्रकार, १९४२–२००७) यांनी १९७७ साली जगातील बिअरच्या प्रकारांची नीट वर्गवारी करणारे पुस्तक लिहिले. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था निघाली. तिच्या पत्रिकेत एकूण गुण ५०. गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकंदर प्रभावाला १०. रूपाला पन्नासांत तीनच गुण, हे पाहून आमची पत्नी म्हणाली, “मुली पाहायला जाणाऱ्यांना ही पत्रिका द्यायला हवी.” आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. नशा किती चढली, याला त्या पत्रिकेत रकानाच नाही. आपल्या देशात मात्र खपणारी बहुतांश बिअर ‘स्ट्राँग’ या एकाच विशेषणावर विकली जाते. त्यात पाचपासून आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो, आणि गिऱ्हाइकाला त्यापलीकडे काही विचारायचे नसते.

मोहाचा बहर तेव्हा सरत आला होता. शेजारच्या बाई पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचून आणतात आणि अंगणात वाळत घालतात. पुतण्याने त्यांच्यापुढे दोन सुपे ठेवून विचारले, यांत चांगले कोणते? त्यांनी दोन्हींतली चिमूट-चिमूट हुंगली, एक फूल दाताखाली दाबले आणि एक सूप दूर सारले. “या फुलाले पानी लागलं जी.” ज्ञान तेच, प्रमाणपत्र तेवढे नाही. मोहाच्या फुलांचे संकलन आणि वाहतूक यांवर आपल्या राज्यात दीर्घकाळ निर्बंध होते. ते २०२१ साली उठले. आमच्या वसईकडे तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी इंग्रज सरकारने १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा केला होता. फुलांची इतकी पारख असलेल्या या बाईंचे यजमान रोज त्याच फुलांची दारू पिऊन येतात. त्यांना तरी चव कळत असेल, असे आम्ही बोलून गेलो. बाई सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, “त्याले चव नाई समजत जी. चढली का नाई, येवढंच समजते.”

वहिनी ओसरीवर बसून हे ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

ख्रिस्तसभेने या विषयाकडे कधी पाठ फिरवलेली नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठनियमाच्या चाळिसाव्या प्रकरणात प्रत्येक मठवासीयाला दिवसाला एक हेमिना, म्हणजे सुमारे पाव लिटर, द्राक्षारस नेमून दिला. दुसऱ्याचे माप आपण ठरवावे याचा त्यांना संकोच वाटत होता, आणि ज्यांना वर्ज्य करण्याचे बळ देवाने दिले आहे त्यांना त्याचे फळ मिळेल, असेही त्यांनी जोडून सांगितले. २०१२ साली ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित झालेल्या संत हिल्डेगार्ड (१०९८–११७९) यांनी हॉप्सचा कडवटपणा पेयाला टिकवतो, हे नोंदवून ठेवले आहे. जुन्या रोमन विधिग्रंथात बिअरच्या आशीर्वादाची स्वतंत्र प्रार्थना आहे. बेल्जियममधील वेस्टमाल येथील ट्रॅपिस्ट मठवासी १८३६ पासून बिअर तयार करतात. ती मठाच्या आवारातच, मठवासीयांच्या देखरेखीखाली झाली पाहिजे आणि निर्वाहापलीकडची प्राप्ती दानधर्माला गेली पाहिजे, असा ट्रॅपिस्ट मठांचा दंडक आहे.

परंतु आम्हांला सर्वांत अधिक आठवला तो काना गावच्या लग्नातील भोजनकारभारी. योहानकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पाण्याचा द्राक्षारस झाल्यावर प्रथम चाखतो तो हा माणूस. तो द्राक्षारस कोठून आला, हे त्याला माहीत नसते. आजचे परीक्षकही बाटलीवरचे नाव झाकूनच चाखतात, कारण नाव दिसले की जीभ पक्षपात करते. त्या कारभाऱ्याने न जाणता चाखले, जे होते तेच सांगितले, आणि त्याच्या प्रामाणिक जिभेने प्रभूच्या पहिल्या चिन्हाची साक्ष दिली. तो शुद्धीवर होता म्हणूनच ती साक्ष ग्राह्य. पाहुण्यांची जीभ बोथट झाल्यावर हलका द्राक्षारस पुढे करण्याची रीत असते, हेही तोच सांगतो.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. आणि काही माणसांना एक घोटही घेऊन चालत नाही. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट (१८५६–१९२५) पोरवयापासून व्यसनात बुडाला होता. १८८४ साली त्याने दारू सोडली आणि मरेपर्यंत तिला शिवला नाही. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला ‘पूज्य’ म्हणून घोषित केले. त्याला कोणी चाखण्याची शिस्त शिकवायला गेला असता, तर ते पाप ठरले असते. आमच्या बंधूंनाही चाखण्याच्या विद्येने वाचवले असते, असे आम्ही म्हणणार नाही. व्यसन हा आजार आहे. रसिकता हे त्याचे औषध नव्हे.

चौथ्या दिवशी शेवटची बाटली उघडली. वेस्टमालच्या मठवासीयांच्या पद्धतीने पुण्यात तयार केलेली गडद, तांबूस-काळी बिअर. पुतण्याला तिच्या गंधासाठी शब्द सापडत नव्हता. त्याच्या पुस्तकांत बेदाणे, खजूर, सुके आलुबुखार अशी नावे होती. त्यांतले एकही नेमके बसत नव्हते. आम्ही हुंगले, पत्नीने हुंगले. ओळख पटत होती, नाव येत नव्हते. तेवढ्यात ओसरीवरून वहिनी आत आल्या, त्यांनी पेला हातात घेतला आणि डोळे मिटून नाकाशी धरला.

“सुकेळी,” त्या म्हणाल्या. “उन्हात आठ दिवस झालेली. पानात गुंडाळायच्या आदल्या दिवशीची.”

अगदी तोच वास! आमच्या लहानपणीच्या माळ्यावरचा. वहिनींनी पेला खाली ठेवला. ओठांना लावला नाही. कोणी आग्रह केला नाही. मग त्यांनी मुलाला विचारले, आणि कारखान्याविषयीचा त्यांचा तो पहिला प्रश्न होता, “रोज किती पितोस?”

त्याने वही पुढे केली. प्रत्येक तारखेखाली नमुने किती, घोट किती, गंध कोणता, दोष कोणता, सर्व लिहिलेले. बऱ्याच दिवसांपुढे शून्य. वहिनींनी पाने सावकाश उलटली. त्यांच्या यजमानांनी कधी काही मोजले नव्हते. मोजत असत त्या स्वतः, कोनाड्यातल्या रिकाम्या बाटल्या. वही मिटून त्या म्हणाल्या, “ज्या दिवशी प्यायलास आणि या वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नाही, त्या दिवशी ही नोकरी सोड. मला विचारू नकोस, सोड.”

त्याने मान डोलावली आणि त्या दिवसाच्या नोंदीत ‘गंध’ या रकान्यात ‘सुकेळी’ असे लिहिले. चवीचा रकाना भरायला तो आमच्याकडे वळला.

मे महिन्यात त्याचा दूरध्वनी आला. कारखान्यातील सहकारी ‘सुकेळी’ म्हणजे काय विचारतात, काय सांगू? आम्ही तो निरोप वसईला कळवला. वहिनींनी त्या कारखान्याचा उंबरठा अजून ओलांडलेला नाही. पण केळीच्या सुक्या पानांत बांधलेली एक जुडी त्यांनी पुण्याच्या पत्त्यावर पाठवून दिली. लवंगेच्या आणि संत्र्याच्या सालीच्या वाट्यांशेजारी, नव्या मुलांना वास शिकवण्यासाठी, आता ती तेथे ठेवली आहे.