सुई तिसऱ्या दिवशीच का?

सातारा, रविवार

चि. मनू,


तुझं पत्र वाचलं आणि आधी रागच आला. तू म्हणालीस त्याचा नाही, जिथे म्हणालीस त्याचा. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुईवरच्या संशोधन-पेपरचा फोटो टाकायचा, खाली ‘आपण अजून जुनंच धरून बसलोय’ असं लिहायचं, आणि इन्चार्जबाई बोलल्या की आत्याला विचारायचं, ‘बरोबर कोण?’ अगं, त्याच बाईंनी तुला शीर शोधायला शिकवलं ना? कडू औषध पाजताना पेशंटला आधी उठवून बसवतो, तेवढं तरी माणसांच्या बाबतीत करावं. बापावर गेलीस अगदी.

पण पेपर शोधून वाचलास, याचा आनंद झाला तो लपवत नाही. आमच्या वेळी वाचायला ट्यूटरबाईंची वही असायची, आणि ती त्यांच्या ट्यूटरबाईंच्या वहीवरून उतरवलेली.

आता सुईचं, म्हणजे ती तिसऱ्या दिवशी बदलायच्या तुमच्या वॉर्डाच्या नियमाचं. तुझा पेपर खरा आहे. ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकर्ड या नर्सबाईंनी ३,२८३ पेशंटांवर ते पाहिलं आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. निम्म्यांची सलाइनची सुई तिसऱ्या दिवशी बदलली, निम्म्यांची गरज पडली तरच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के. म्हणजे उगीच टोचण्यात फायदा नाही. तू इथे थांबलीस. पुढचं वाचलंस का? जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाने २०१८ मध्ये हीच नवी रीत घेतली. सुईमुळे रक्तात जंतू जाण्याच्या घटना त्यांना वाढलेल्या दिसल्या आणि २०१९ मध्ये त्यांनी पुन्हा ठरावीक मुदतीला सुई बदलायला सुरुवात केली.

मग खरं काय, असं विचारशील. मला विचारशील तर दोन्ही. सुई तिसऱ्या दिवशी बदलायची की नाही, हा प्रश्नच दुय्यम आहे. ती जागा प्रत्येक पाळीत कोणी उघड्या डोळ्यांनी पाहतं का? लाली, सूज, दुखणं, गळती? पाहत असेल तर गरजेप्रमाणे बदला. कोणीच पाहत नसेल, तर तीन दिवसांचा नियम निदान एक कुंपण आहे. ते मोडण्याआधी पहारा बसव. आणि जिनिव्हावाल्यांना चूक कळली कशामुळे? ते मोजत होते म्हणून. रीत बदलली नि मोजणं सोडलं, तर पेपर वाचूनही आपण आंधळेच.

हे मी तुला होस्टेलवर असल्यापासून सांगतेय आणि तू ‘आत्याचं रजिस्टर सुरू झालं’ म्हणून हसतेस. हस. नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांच्या भिंतीवर असतो, त्यांचे तक्ते कोणाच्या नसतात. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगराईने जास्त शिपाई मेले, हे त्यांनी आकड्यांची वर्तुळं काढून सरकारच्या डोळ्यांत घातलं. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने १८५८ मध्ये त्यांना सभासद करून घेतलं, पहिली बाई म्हणून.

आणि बेडसोअर! स्पिरिट चोळा, पावडर लावा, लाल झालं की आणखी चोळा, असंच पिढ्यान्‌पिढ्या चाललं. डोरीन नॉर्टन या नर्सबाईंनी वृद्धांच्या वॉर्डात बसून पाहिलं, टिपलं, आणि १९६२ मध्ये मांडलं की खरा गुण कुशी बदलण्यात आहे. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं, हालचाल, लघवी-शौचावरचा ताबा या पाच गोष्टींना एक ते चार गुण द्यायचे. बेरीज चौदा किंवा कमी आली की सावध व्हायचं. यंत्र नको, पैसा नको. तुझ्या आजीच्या शेवटच्या आजारपणात आपण तेच केलं, आठवतं ना? काका मात्र शेवटपर्यंत पावडरच आणत राहिले.

फार लांब कशाला, आपली गडचिरोली घे. बंग डॉक्टर दांपत्याने ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, लिहून ठेवायच्या. जिथे हे काम नव्हतं त्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये जगाने ते ‘लॅन्सेट’मध्ये वाचलं. त्या आरोग्यदूत बायकांकडे एमएस्सी नर्सिंग नव्हतं, बाईसाहेब.

तेव्हा असं कर. एका वहीत रकाने आख: खाट, सुई घातल्याची तारीख, प्रत्येक पाळीत जागा कशी दिसली, काढली का आणि कशासाठी. दोन-तीन महिने चालू दे. नियम तोवर आहे तोच पाळ. मग वही घेऊन इन्चार्जबाईंकडे जा आणि वहीवर पहिलं नाव त्यांचं घाल.

हे लिहिताना मात्र पेन अडखळतंय. रकाने भरणार कोण? नाइटला तुम्ही दोघीच असता असं तू मागे ओझरतं लिहिलंस आणि विषय बदललास. पेनसिल्व्हेनियात लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये दाखवलं की नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटाच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. हा पेपर कोणी कुठल्या ग्रुपवर टाकत नाही. सुईचा पुरावा मान्य करायला वरिष्ठांना काही खर्च पडत नाही. हा मान्य केला तर माणसं नेमावी लागतात. ती नेमली नाहीत की सिस्टर न पाहता ‘ठीक’ लिहून मोकळी होते, कारण तिला बसायलाही वेळ नसतो. आणि खोटी नोंद ही नोंद नसण्याहून वाईट. म्हणून त्याच वहीच्या शेवटच्या रकान्यात रोज लिही: पाळीत पेशंट किती, सिस्टर किती. उद्या भांडायची वेळ आली तर तोच कामाला येईल.

तू जेवतेस का वेळेवर? नाइटनंतर दुपारी लग्नकार्यांना धावू नकोस, तुझ्या आईला मी सांगते. आणि ग्रुपवरचा तो मेसेज आजच काढ, इन्चार्जबाईंशी समोर जाऊन बोल. यापुढे मला परदेशातले पेपर पाठवशील तेव्हा सोबत तुझ्या वॉर्डाचे आकडेही पाठव. त्याशिवाय उत्तर देणार नाही.

तुझी,
आत्या