आठवा बिट

जुन्या टर्मिनलला कीबोर्डचा प्लग फार सहज बसला, की मला आधी शंका येते. डेक कंपनीच्या व्हीटी२२० (१९८३) चा कीबोर्ड टेलिफोनच्या रिसिव्हरसारख्या चार तारांच्या प्लगने लागतो. एका तारेत १२ व्होल्ट, एक ग्राउंड. उरलेल्या दोन तारांवर दोघांची ४८०० बॉडने देवाणघेवाण. वाइजच्या टर्मिनलचा प्लगही दिसायला तसाच, पण आतला कारभार निराळा. म्हणून आधी मल्टिमीटर, मगच प्लग.

टर्मिनल संगणकाला जोडणाऱ्या सिरियल केबलला तीन तारा पुरतात. पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर २ नंबरने पाठवायचं, ३ ने घ्यायचं, ७ म्हणजे ग्राउंड. पीसीच्या नऊ पिनांत २ आणि ३ ची कामं मुळातच उलटी, ग्राउंड ५ वर. त्यामुळे तिथे २ ला २ च जोडायची. ‘उलटसुलट करा’ हे ऐकून आलेले इथेच फसतात. काहीच उमटत नसेल, तर टर्मिनलच्या २ आणि ३ ला तारेचा तुकडा लावून टाइप करावं. अक्षरं परत आली, तर टर्मिनल ठीक, दोष पुढे आहे. (काही टर्मिनलं हँडशेकच्या पिनांवरही अडून बसतात.)

खरी गंमत देवनागरीत. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेने भारतीय लिप्या दाखवणारी ‘जिस्ट’ टर्मिनलं काढली, आणि १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण आलं. त्यात खालची १२८ स्थानं इंग्रजीला, आपली अक्षरं वरच्या अर्ध्यात. म्हणजे मराठीचा सगळा भार आठव्या बिटावर. मी तपासायला गावाचं नाव टाइप करतो. लाइन सात बिटांवर असेल तर ‘किकवी’चं काय होतं? तीनचा आकडा, चौकोनी कंस, पुन्हा तीन, इंग्रजी टी, उलटी तिरकी रेघ! केबल शाबूत, कीबोर्ड शाबूत, तरी गाव गायब. सेटअपमध्ये आठ बिट, पॅरिटी नाही, एवढं केलं की किकवी जागेवर. हायवेवरून पुण्याला जाऊन नवी केबल आणायची गरज नसते.

माझ्या मते या छंदातली खरी टंचाई टर्मिनलची नाही, त्याच्या स्वतःच्या कीबोर्डची आहे. पडदा आणि डबा भंगारात एकत्र जातात, कीबोर्ड मात्र वेगळा होऊन हरवतो. तुमच्या पतसंस्थेच्या किंवा कार्यालयाच्या माळ्यावर असं टर्मिनल असेल, तर एवढंच करा: कीबोर्ड आणि केबल त्यालाच बांधून ठेवा.