अर्ध्या वॉटचा अ‍ॅम्प आणि चिपवरचा आळ

किट आणून जोडलेला छोटा गिटार-अ‍ॅम्प बहुतेक वेळा निराशच करतो. आवाज येतो, पण गोधडीखालून आल्यासारखा दबका. आणि व्हॉल्यूम वाढवला की त्या दबकेपणावर चरचरीत खरखर चढते. मग निदान ठरलेलं असतं: सॉलिड स्टेट आहे, ट्रान्झिस्टरचा आवाज असाच कोरडा, खरा आवाज व्हॉल्व्हचाच. असे अ‍ॅम्प जोडत, मोजत आणि उघडून पाहत आल्यावर माझं मत या निदानाच्या विरुद्ध गेलं आहे. अ‍ॅम्पच्या मधोमध बसलेली चिप तिला दिलेलं काम नीट करते. बिघडतं ते तिच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे गिटारची केबल जिथे आत शिरते तिथे आणि आवाज जिथून बाहेर पडतो तिथे. किट बनवणाऱ्याने या दोन जागांचा विचार गिटारसाठी केलेलाच नसतो.

अशा किटमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चिप म्हणजे मूळची नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम 386. आठ पायांची, नखाएवढी. तिचे नेहमीचे प्रकार 4 ते 12 व्होल्टवर चालतात, स्वस्थ बसलेली असताना ती जेमतेम 4 मिलिअँपिअर घेते. काहीच न जोडता 20 पट वर्धन मिळतं आणि पाय क्रमांक 1 व 8 यांच्यामध्ये 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला की 200 पट. 9 व्होल्ट आणि 8 ओहमच्या स्पीकरवर अर्धा ते पाऊण वॉट निघतो. तिचा जन्म रेडिओ, टेप, इंटरकॉम यांच्यासाठी झाला. कंपनीच्या माहितीपत्रकात सर्वांत कमी सुट्या भागांचं जे सर्किट काढलेलं आहे, त्यात आत येणाऱ्या सिग्नलवर 10 किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल आहे. रेडिओच्या मागच्या टप्प्याला तो चालतो, मोबाइलच्या हेडफोन सॉकेटला तर त्याची जाणीवही होत नाही. किटवाले तेच चित्र उचलतात, पाटीवर ‘गिटार अ‍ॅम्प’ लिहितात आणि सॉकेट तेवढं बदलतात.

गिटारचा पिकअप मात्र मोबाइलसारखा वागत नाही. लोहचुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढंच त्याचं यंत्र. त्याला ना बॅटरी ना स्वतःची ताकद. फेंडर धाटणीच्या सिंगल कॉइल पिकअपचा डीसी रोध साधारण 6 ते 7 किलोओहम आणि इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास धरू. हा इंडक्टन्सच सगळा खेळ ठरवतो, कारण कंपनसंख्या वाढेल तसा तो सिग्नलला जास्त अडवतो. समोर 1 मेगओहमचा रोध असेल तर ही अडवणूक फारशी जाणवत नाही आणि काही हजार हर्ट्‌झवर पिकअपचा जो नैसर्गिक उठाव असतो, ज्याला आपण गिटारची चमक म्हणतो, तो शाबूत राहतो. समोर 10 किलोओहमचा कंट्रोल असेल, तर हिशेब कागदावरच करता येतो: साधारण 1000 हर्ट्‌झपासून वरचं सगळं उतरू लागतं, आणि चमक जिथे असते तिथे पोचेपर्यंत फारसं काही उरत नाही. शिवाय पिकअपच्या स्वतःच्या रोधामुळे सिग्नलचा एक तृतीयांशाहून अधिक भाग चिपपर्यंत पोचतच नाही. सर्वांत बारीक तार मोकळी छेडली तर 330 हर्ट्‌झचा स्वर निघतो. म्हणजे मूळ स्वर राहतात, पण त्यांना गिटारचा चेहरा देणारे वरचे उपस्वर गळतात. हा झाला तो दबकेपणा. व्हॉल्यूम कंट्रोल काढून थेट चिपला जोडलं तरी प्रश्न पुरता सुटत नाही, कारण चिपचा स्वतःचा इनपुट रोध 50 किलोओहमच आहे.

यावर कोणी म्हणेल की हे सगळं आकडेमोडीतलं झालं, कानाला खरंच कळतं का? कळतं, आणि त्यासाठी चिपला हातही लावावा लागत नाही. बॉस कंपनीच्या बहुतेक पेडलमध्ये, इफेक्ट बंद असतानाही, सिग्नल एका बफरमधून, म्हणजे पिकअपवर भार न टाकणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या छोट्या टप्प्यातून जातो. असं एक पेडल, इफेक्ट बंद ठेवून, गिटार आणि किटच्या अ‍ॅम्पमध्ये ठेवून पाहावं. तीच चिप, तोच स्पीकर, तीच बॅटरी, पण आवाज उघडतो. दोष ट्रान्झिस्टरच्या जातीत असता, तर आणखी ट्रान्झिस्टर मध्ये घालून तो दूर झाला नसता. हाच बफर किटच्या पाटीवर बसवायला एक जेफेट ट्रान्झिस्टर, दोन-तीन रोध आणि एखादा कंडेन्सर पुरतो. ‘रूबी’ नावाचं जे 386चं सर्किट हौशी लोकांत प्रसिद्ध आहे, त्याचं वेगळेपण मुख्यतः एवढंच, की चिपच्या आधी एमपीएफ 102चा बफर आहे. हे जुने तीन पायांचे जेफेट आता सहज मिळत नाहीत. मिळाले तरी अस्सल असतीलच याची खात्री नसते. मी अशा वेळी टीएल 072 हा ऑप-अ‍ॅम्प वापरावा या मताचा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात तो कुठल्याही काउंटरवर मिळतो आणि इनपुटला 1 मेगओहम ठेवला तरी कुरकुर करत नाही.

आता दुसरं टोक. किटबरोबर येणारा किंवा घरात पडलेला दोन-तीन इंची स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर, 85 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर तेवढ्याच ताकदीत 97 किंवा त्याहून जास्त देतो. बारा डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीचा सोळापट फरक. अर्ध्या वॉटला बारा इंची स्पीकरवर जो आवाज मिळतो, तो छोट्या स्पीकरवर मिळवायला 8 वॉट लागतील. तेवढे वॉट द्यायला चिप नाही आणि सोसायला तो स्पीकरही नाही. पण मोठेपणापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. गिटारचा स्पीकर 5000 हर्ट्‌झच्या पुढे झपाट्याने उतरतो. हाय-फायवाल्यांना हा दोष वाटेल. गिटारमध्ये तो चाळणीचं काम करतो. चिप ताकदीच्या टोकाला पोचली की लाटेचा माथा सपाट कापते आणि त्या कापण्यातून वरच्या पट्टीत टोकदार उपस्वरांची गर्दी होते. मोठा कागदी कोन ती गर्दी बाहेर येऊ देत नाही. छोटा स्पीकर खालचे स्वर देत नाही आणि वरची चरचर मात्र इमानदारीने ऐकवतो. ट्रान्झिस्टरचा म्हणून जो आवाज बदनाम आहे, त्यातला मोठा वाटा माझ्या कानांना या चुकीच्या स्पीकरचा वाटतो.

व्हॉल्व्हच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकर आपल्या नैसर्गिक कंपनाजवळ थोडा मोकाट सुटतो आणि बोटांखाली एक लवचीकपणा जाणवतो. चिप स्पीकरला घट्ट धरून ठेवते. स्पीकरला चार-पाच ओहमचा रोध सलग जोडून ही पकड सैल करता येते, पण अर्ध्या वॉटमधली बरीच ताकद त्या रोधात तापून जाते. पटण्यासारखा सौदा नाही. तरी एवढ्यावरून सगळी सॉलिड स्टेट जात नाकारायची, तर रोलंडचा जेसी-120 कुठे ठेवायचा? 1975 साली आलेला हा अ‍ॅम्प पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे आणि स्वच्छ आवाजासाठी आजही त्याचंच नाव घेतलं जातं. त्यात बारा इंची स्पीकर दोन आहेत, हे इथे लक्षात घ्यावं.

पाय 1 आणि 8 वर कंडेन्सर टाका, दहापट वर्धन मिळेल, हा सल्लाही वारंवार दिला जातो. वर्धन मिळतं, पण गळालेले उपस्वर परत येत नाहीत आणि वॉट वाढत नाहीत. लाट लवकर कापली जाते आणि सुस्कारा वाढतो, इतकंच. रॉकचा खरखरीत आवाज हवा असेल तर तो आधीच्या टप्प्यात, डायोड लावून, छोट्या व्होल्टेजवर करावा आणि चिपला 20 पटीवर राहू द्यावं. बॅटरीबद्दलही थोडं: साध्या चौकोनी 9 व्होल्टच्या सेलचा अंतर्गत रोध इतका असतो की जोराच्या ठोक्याला व्होल्टेज बसतं. पेन्सिल सेल सहा, एका ओळीत, हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

तयार हेडफोन अ‍ॅम्प किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप याहून बरं वाजतं, मग हा खटाटोप कशाला? वाजवणं एवढाच हेतू असेल तर मी त्याला उत्तर शोधणार नाही; तयार वस्तू घ्यावी. पण किट घेणाऱ्याला आवाज कुठून येतो हे पाहायचं असतं, आणि किटचा कागद त्याला नेमकं तेच सांगत नाही. कुठला रोध कुठल्या भोकात, एवढं सांगून तो संपतो.

राहिला आकाराचा प्रश्न. बारा इंची स्पीकर लावला तर तो छोटा अ‍ॅम्प कसला, ही हरकत रास्त आहे. मधला मार्ग साडेसहा ते आठ इंचांचा, पातळ कागदी कोनाचा स्पीकर. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या पेटीतला लंबगोल स्पीकर यासाठी फार चांगला. भंगारात तो कोनाला भोक न पडलेला मिळायला हवा. अशा रेडिओत स्पीकरच्या आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, तो मध्ये येऊ न देता थेट कॉइलच्या दोन टोकांना जोडावं. गाडीतले स्पीकर स्वस्त मिळतात, पण ते सहसा 4 ओहमचे असतात. 9 व्होल्टवर 386 त्यांना जोडून जोरात वाजवली की तापते, म्हणून घेताना मल्टिमीटर सोबत असावा: 8 ओहमच्या स्पीकरवर तो 6 ते 7 दाखवतो, 4 ओहमच्या स्पीकरवर तीन-साडेतीन.